लवकर कापलं म्हणून गांजाचा हेम्प होत नाही

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: हेम्प (धागा-बियांसाठी लावतात ते, नशा न देणारं पीक) आणि गांजा हे एकच झाड आहे. फुलोऱ्याआधी कापलं तर हेम्प, उभं ठेवलं तर गांजा. जितका उशीर तितकी नशा जास्त. लवकर कापलेल्या पिकात नशा शून्य, त्यामुळे कायदा लागत नाही. उत्तराखंडात सर्रास लावतात.

पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून पुढचं सगळं पटून जातं. दोन्ही कॅनाबिस सटायव्हाच. पण फरक पडतो तो बियाण्यात, विळा कधी चालवला यात नाही. झाडात आधी सीबीजीए नावाचं आम्ल बनतं. त्यातून पुढे नशा देणाऱ्या टीएचसीचं आम्लरूप तयार होणार की नशा न देणाऱ्या सीबीडीचं, हे त्या झाडातल्या एन्झाइमवर ठरतं, आणि एन्झाइम येतं जनुकांतून. गांजाच्या वाणाचं झाड कोवळं कापलं तर कमी नशेचा गांजा हाती येतो, एवढंच.

तोडणीच्या वेळेचा खरा जाच होतो तो हेम्पवाल्यांना. अमेरिकेने 2018 च्या कृषी कायद्यात हेम्पसाठी 0.3 टक्के टीएचसीची मर्यादा घातली. (हा आकडा 1976 साली स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचवला होता. सोयीची रेघ पुढे फौजदारी रेघ झाली.) अडचण अशी की सीबीडी बनवणारं एन्झाइम चोख नाही, वीस-तीस भाग सीबीडीमागे एखादा भाग टीएचसी बनतंच. फुलोरा भरत जातो तसे दोन्ही बरोबरीने वाढतात. विकायला हवं असलेलं सीबीडी ऐन भरात येतं तेव्हाच टीएचसी मर्यादेबाहेर जातं. मग उत्पन्नावर पाणी सोडून आधी कापायचं, नाहीतर नमुना नापास होऊन पीक नष्ट करायचं. नमुना घेतल्यापासून कापणीला तिथे सुरुवातीला 15 दिवस मिळत; 2021 च्या अंतिम नियमात ते 30 झाले. उन्हापाण्याच्या ताणाने टीएचसी चढतं, असाही तिथे समज होता. कॉर्नेल विद्यापीठात झाडांना मुद्दाम ताण देऊन पाहिलं, फारसा फरक पडला नाही. पुन्हा बियाणंच.

‘नशा शून्य’ हा दावाही फसवा. हिरव्या झाडात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असतं आणि उष्णता लागली की त्याचं नशेच्या टीएचसीत रूपांतर होतं. म्हणून अमेरिकेतल्या तपासणीत आम्लरूपाच्या आकड्याला 0.877 ने गुणून तो एकूण टीएचसीत धरतात. ओलं झाड निरुपद्रवी दिसलं तरी कागदावर ते तसं उतरत नाही.

आणि ‘जितका उशीर तितकी नशा’? वाढ एका टप्प्यापर्यंत होते, मग थांबते. पुढे हवा आणि उजेडाने टीएचसीचं सीबीएन होऊ लागतं, आणि त्याची नशा बरीच कमी. जुन्या शेतकऱ्यांचं लक्षही नुसतं तारखेवर नसायचं. 1893-94 च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने बंगालातल्या नौगावच्या ‘पोद्दार’ लोकांची नोंद केली आहे. नर झाडं ओळखून उपटणं हेच त्यांचं काम, कारण मादी झाडात बी धरलं की मालाचा कस उतरतो. त्या काळी मुंबई इलाख्यात नगर आणि साताऱ्याकडेही गांजाची शेती होती, तीही सरकारी नियंत्रणाखाली.

राहिला कायदा, आणि माणूस अडकतो तो इथेच. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे; शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर. भांगेला वाव मिळतो तो यामुळे. पण ही सूट मालाच्या व्याख्येतली आहे, लागवडीला ती लागू नाही. कॅनाबिसचं कुठलंही झाड विनापरवाना लावणं हाच कलम 20 खाली गुन्हा आहे: 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. झाड किती दिवसांचं आहे, फुललं होतं की नाही, हे त्या कलमात विचारलेलंच नाही. तुरीच्या ओळींत लावलेलं कोवळं रोपसुद्धा त्यात येतं.

उत्तराखंडचं म्हणाल तर तिथे ‘सर्रास’ काही नाही. कलम 14 प्रमाणे धागा आणि बियांसाठी सरकार अटींवर लागवडीला परवानगी देऊ शकतं, आणि त्या राज्याने 2018 पासून ती दिली, 0.3 टक्क्यांच्या मर्यादेसह. तो परवाना त्या राज्यातला, त्या शेतकऱ्याचा. बियाण्याच्या पिशवीबरोबर तो इकडे येत नाही.