शेवाळ आलं म्हणून झाडांना उपाशी का मारता?

"शेवाळ म्हणजे खताचा माज. खत बंद करा, तीन दिवस टँकवर चादर टाका, सगळं पाणी बदला, एक सकर मासा सोडा. शेवाळ कायमचं जाईल." प्लांटेड टँकवाल्यांमध्ये, म्हणजे माशांच्या टाकीत पाणवनस्पती वाढवणाऱ्यांमध्ये, हा मेसेज सध्या फिरतोय आणि खाली अंगठ्यांची रांग लागतेय. त्यातलं पहिलं वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, म्हणून आधी तेच घेतो.

खताचा हा समज हवेतून आलेला नाही. 1996 च्या सुमारास पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉनलिन या दोघा हौशी टँकवाल्यांनी मांडलं होतं की पाण्यात फॉस्फेट अपुरं ठेवा. बाकी सगळं भरपूर मिळालेली झाडं तेवढं फॉस्फेट शोषून घेतील आणि शेवाळ उपाशी राहील. पण त्यांच्या खताच्या द्रावणात काय होतं? पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि लोहासकट सूक्ष्मद्रव्यं. म्हणजे ते खत घालतच होते, फक्त फॉस्फेट वगळून! पुढे टॉम बार या पाणवनस्पतींच्या जाणकारांनी झाडांनी गच्च भरलेल्या, सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड) नीट असलेल्या टँकमध्ये फॉस्फेटही मुद्दाम घातलं. शेवाळ आलं नाही. त्यांची पद्धत आज जगभर चालते: नायट्रेट साधारण 10 ते 30 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), फॉस्फेट 1 ते 2 पीपीएम, आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं.

"मग तलाव हिरवे का होतात?" रास्त प्रश्न आहे. कॅनडात 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या तलावाला मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातलं, एकीकडे फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली. तलावात फॉस्फरस शेवाळ वाढवतो, यात वाद नाही. पण तिथे तो उचलून घ्यायला झाडांची दाटी नव्हती, आणि सूर्याला टायमर लावता येत नाही. आपल्या टँकमध्ये या दोन्ही गोष्टी आपल्या हातात असतात.

उलट उपास घातला तर काय होतं, ते मी स्वतः केलंय. दोन फुटी टँक, लाइट रोज दहा तास, आणि काचेवर हिरवळ दिसली म्हणून तीन आठवडे खत बंद. रोटाला या पाणवनस्पतीची खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. अनुबियास या दुसऱ्या झाडाच्या जुन्या पानांच्या कडेला काळे झुपके उगवले, ज्याला आपण काळी दाढी म्हणतो. काचेवर हिरवे ठिपके इतके घट्ट बसले की स्पंज नुसता घसरायचा, ब्लेडने खरवडावे लागले. हे ठिपके बहुधा फॉस्फेट कमी पडलं की येतात, हे नंतर कळलं. शेवाळाला लागतं ते चिमूटभर, आणि माशांच्या खाण्यातून, विष्ठेतून तेवढं रोज मिळतंच. उपासमार आधी झाडांची होते, आणि मरणारं पान हे शेवाळाचं पहिलं बिऱ्हाड. रोग रेड्याला, औषध पखालीला.

खत पुन्हा सुरू केलं, लाइट टायमरवर साडेसहा तासांवर आणला, सीओटू लाइटच्या दीड तास आधी सुरू होईल असं केलं. सडकी पानं देठापासून कापली. त्यातला एक काळा झुपका स्पिरिटमध्ये टाकला, तर तो लाल झाला. काळी दाढी खरं तर लाल शेवाळाच्या कुळातली.

चादरीचा उपाय अगदीच खोटा नाही. पाणी मटाराच्या सुपासारखं हिरवं झालं असेल किंवा निळसर-हिरवा, उग्र वासाचा चिकट थर पसरला असेल, तर तीन-चार दिवसांचा अंधार कामी येतो. (तो थर मुळात शेवाळच नाही, जिवाणू आहे.) काळी दाढी मात्र अंधाराला भीक घालत नाही. आणि चादर काढल्यावर लाइट पुन्हा दहा तास ठेवला, तर दोन-तीन आठवड्यांत आहे तिथेच.

सगळं पाणी बदलण्यात शेवाळापेक्षा माशांचे हाल जास्त. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, तापमानातला झटका, वर त्याच उत्साहात फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुतला की उपयोगी जिवाणू गेले. नव्या टँकमधली तपकिरी धूळ (तेही एक शेवाळच) तर काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

आणि सकर मासा. दुकानात बोटाएवढा, पुढे दीड फुटाच्या आसपास. मोठा झाला की शेवाळ सोडून गोळ्या खातो, झाडं उपटतो आणि भरपूर घाण करतो. मग कोणीतरी त्याला "मुक्त" करतं. पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत आणि आंध्रच्या तळ्यांत तो असाच माजलाय. काटेरी पंखांनी मच्छीमारांची जाळी फाडतो. काच साफ करायला नेराइट गोगलगायी पुरतात. त्या सगळीकडे पांढरी अंडी चिकटवतात, पण गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं तगत नाहीत.

राहिला शब्द "कायमचं". माझ्या टँकच्या मागच्या काचेवर आत्ताही हाताच्या तळव्याएवढा हिरवा पट्टा आहे. मी तो पुसत नाही. पाच ऑटोसिंक्लस, म्हणजे शेवाळ खाणारे छोटे मासे, दिवसभर तिथेच चिकटलेले असतात.