म्हणे, ‘वापरावर अवलंबून आहे’

फोटो संपादनासाठी संगणकात किती रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी, घ्यावी, असे विचारले की ‘ते तुमच्या वापरावर अवलंबून आहे’ हे उत्तर ज्या सहजतेने तोंडावर फेकले जाते, ती सहजता आता मला असह्य झाली आहे. अहो, वापरावर अवलंबून आहे हे मलाही कळते. वापर सांगूनच तर मी विचारतो आहे. लग्नांचे फोटो काढतो, कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा आहे, रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या, फाइली लाइटरूममध्ये निवडतो, त्यांतले मोजके फोटो फोटोशॉपमध्ये सुधारतो आणि शेवटी बारा बाय छत्तीस इंचांच्या अल्बमची पाने मांडतो. एवढे सविस्तर सांगूनही समोरचा माणूस एक तर ‘१६ जीबी भरपूर झाली’ म्हणतो, नाही तर ‘साहेब, बजेट किती आहे?’ म्हणतो. तुमच्या फाइली केवढ्या असतात, त्यांत लेअर, म्हणजे एकावर एक चढवलेले चित्राचे थर, किती असतात, हे आजवर एकाही विक्रेत्याने मला विचारलेले नाही.

वास्तविक हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. ४५ मेगापिक्सेल म्हणजे साडेचार कोटी बिंदू. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, आणि १६ बिटमध्ये काम करायचे तर प्रत्येक आकड्याला दोन बाइट; म्हणजे नुसता एक फोटो उघडला की मेमरीत २७० एमबी गेले. कार्डावर तीच रॉ फाइल साधारण पन्नास एमबीची दिसते, कारण तिच्यात प्रत्येक बिंदूचा एकच आकडा असतो आणि तोही दाबून बसवलेला असतो. त्या पन्नासावर विसंबून जो माणूस रॅम ठरवतो, त्याला दोष कसा द्यावा? त्याला दुसरा आकडा कोणी दाखवलेलाच नसतो. चेहऱ्यावरील डाग आणि त्वचेचा रंग वेगवेगळ्या थरांवर सुधारण्याची जी पद्धत आज बहुतेक स्टुडिओंत चालते, तिच्यात मूळ फोटोवर आणखी दोन पूर्ण लेअर चढतात, म्हणजे ८१० एमबी तिथेच झाले. शिवाय फोटोशॉप मागच्या ५० पायऱ्या लक्षात ठेवते. ब्रशचा लहानसा फटकारा असेल तर त्या पायरीचा खर्च किरकोळ असतो. परंतु अख्ख्या चित्रावर एखादा फिल्टर चालवला की ती एक पायरी जवळजवळ संपूर्ण चित्राइतकी जागा अडवते.

अल्बमचे पान घेतले तरी तेच. बारा बाय छत्तीस इंच, ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० बिंदू), म्हणजे ३,६०० गुणिले १०,८०० बिंदू. ८ बिटमध्येसुद्धा पूर्ण आकाराच्या एका लेअरचे सुमारे ११७ एमबी. त्यावर पार्श्वभूमी, सावल्या, फुलांच्या नक्षीचे तुकडे आणि स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून (मूळ फाइल पानातच जपून) बसवलेले आठ-दहा मोठे फोटो आले, की पान जतन करताना फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी फाइलची दोन जीबीची मर्यादा ओलांडली गेल्याचा निरोप येतो आणि मोठ्या फाइलींसाठीच्या पीएसबी प्रकारात जतन करावे लागते. अशी दोन-तीन पाने एकाच वेळी उघडी, मागे लाइटरूम चालू, ब्राउझरमध्ये ग्राहकाने पाठवलेली यादी, आणि ‘अल्बम कधी मिळणार?’ हे विचारण्यासाठी वधूच्या आईचे संदेश ज्यावर येत असतात ते व्हॉट्सअ‍ॅप. या सगळ्याला १६ जीबी ‘भरपूर’ म्हणणाऱ्या माणसाने माझ्या शेजारी बसून एक पान पूर्ण करून दाखवावे.

मेमरी अपुरी पडली की काय होते, हेही कोणी धड सांगत नाही. ‘थोडे स्लो होईल’ म्हणतात. फोटोशॉप मुळात उपलब्ध रॅमपैकी ७० टक्केच स्वतःसाठी घेते. ती संपली की उरलेले काम डिस्कवर, म्हणजे स्क्रॅच डिस्कवर, सरकवते. एसएसडी प्रकारची डिस्क कितीही वेगवान असली तरी ती रॅमच्या आसपासही पोहोचत नाही. मग ब्रश फिरवल्यानंतर रेघ उमटायला वेळ लागतो, झूम केले की चित्र चौकोना-चौकोनांनी भरत जाते, आणि लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीचीच डिस्क असून ती लग्नसराईच्या फाइलींनी आधीच भरलेली असेल, तर स्क्रॅच डिस्क भरल्याची सूचना देऊन काम जागीच थांबते. खिडकीच्या तळाशी ‘एफिशिअन्सी’चा आकडा दिसेल अशी सोय फोटोशॉपमध्येच आहे. तो १००च्या खाली येऊन तिथेच राहू लागला, की रॅम पुरत नाही हे स्पष्ट कळते. मात्र हा आकडा संगणक विकत घेतल्यानंतरच पाहता येतो, हीच तर मेख आहे.

बरे, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे जावे तर अ‍ॅडोबी किमान ८ जीबी आणि शिफारस म्हणून ‘१६ जीबी किंवा अधिक’ असे सांगून मोकळी होते. ‘किंवा अधिक’! पैसे नेमके त्या दोन शब्दांत अडकलेले आहेत. १२ मेगापिक्सेलची जेपीईजी उजळ करणाऱ्याला आणि ४५ मेगापिक्सेलचे सहा फोटो जोडून पॅनोरमा करणाऱ्याला एकच ओळ लागू करायची असेल, तर ती छापण्याचे कष्ट तरी कशाला घ्यायचे?

दुकानांची तऱ्हा वेगळीच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जा, रॅमविषयी विचारले की उत्तर प्रोसेसरचे मिळते: ‘साहेब, आय-सेव्हन आहे, डोळे झाकून घ्या.’ डोळे झाकूनच घ्यायचे होते तर तुझ्याकडे कशाला आलो असतो? आणखी खोदून विचारले की मेगाहर्ट्झचे, म्हणजे रॅमच्या वेगाचे, पुराण सुरू होते. जास्त मेगाहर्ट्झच्या रॅमने या कामात पडणारा फरक हा १६च्या जागी ३२ जीबी असण्याच्या फरकापुढे नगण्य आहे, पण जास्तीचे पैसे मागितले जातात ते मेगाहर्ट्झचे. लॅपटॉपमध्ये ८ अधिक ८ अशा दोन पट्ट्या घालून दोन्ही स्लॉट भरून टाकलेले असतात, म्हणजे उद्या ३२ करायची म्हटली की दोन्ही पट्ट्या काढून ठेवायच्या. हे आधी सांगायला कोणी तयार नसते. एका महाभागाने तर ग्राफिक कार्डाची ८ जीबी आणि रॅमची १६ जीबी यांची बेरीज करून मला ‘एकूण २४’ सांगितले. लाइटरूममधील एआय नॉइज काढण्याचे काम ग्राफिक कार्डावर चालते आणि तिथे त्याची स्वतंत्र मेमरी उपयोगी पडते हे खरेच आहे, पण म्हणून ती मेमरी फोटोशॉपच्या लेअरांना उसनी देता येत नाही.

यापेक्षाही डोके फिरते ते मदरबोर्डावर झाळलेल्या, म्हणजे कायमच्या सोल्डर केलेल्या, रॅममुळे. अ‍ॅपलने २००८च्या मॅकबुक एअरपासून हा पायंडा पाडला आणि आता विंडोजचे कितीतरी पातळ लॅपटॉपही त्याच वाटेने गेले आहेत. लॅपटॉप दोन मिलिमीटर सडपातळ व्हावा म्हणून पुढची पाच-सहा वर्षे मी कोणता कॅमेरा घेणार आणि फाइली केवढ्या होणार याचा अंदाज मी खरेदीच्याच दिवशी बांधायचा, आणि तो चुकला तर पूर्ण यंत्र बदलायचे! ऑक्टोबर २०२३मध्ये एम-थ्री चिपचा जो मॅकबुक प्रो आला, त्याच्या नावात ‘प्रो’ असूनही सुरुवात ८ जीबीपासून होती, आणि आणखी ८ जीबी हवी असेल तर भारतात वेगळे २०,००० रुपये मोजावे लागत. त्यावर टीका झाली तेव्हा कंपनीचे विपणन उपाध्यक्ष बॉब बोर्चर्स यांनी सांगितले की, त्यांच्या यंत्रातील ८ जीबी ही बहुधा इतरांच्या १६ जीबीसारखीच आहे. माझा २७० एमबीचा फोटो त्यांच्या संगणकात १३५ एमबीचा होतो की काय? उलट तिथे ग्राफिक्सही त्याच मेमरीत वाटा मागते. आणि वर्षभरातच, ऑक्टोबर २०२४मध्ये, त्यांनी नव्या मॅकसाठी १६ जीबी हीच किमान केली. मॅकबुक एअरची किंमतही न वाढवता! म्हणजे हे आधीही करता आले असते.

ज्यांनी स्लॉट असलेला संगणक घेऊन ‘पुढे वाढवू’ असा शहाणपणाचा विचार केला, त्यांचीही २०२५च्या अखेरीस पुरती जिरवली गेली. जगातील बहुतेक सारी डीरॅम, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांवरील चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांनी त्यांच्याकडे रांग लावल्यावर घरगुती ग्राहकाकडे पाहतो कोण? काही महिन्यांत डीडीआर-फाइव्ह या नव्या पिढीच्या पट्ट्यांचे भाव दुपटीच्याही वर गेले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रूशिअल हा व्यवसायच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. जुन्या डीडीआर-फोर पट्ट्या घरात पडून असतील तर त्या नव्या बोर्डात बसतही नाहीत. खाच वेगळ्या जागी असते.

दुसऱ्या टोकाला सल्लागार मंडळी आहेतच. प्रत्येक कुटुंबात आयटीत नोकरी करणारा एक मेहुणा असतो आणि तो ‘६४च घ्या भाऊजी, फ्यूचर-प्रूफ’ असे जेवताना सांगतो. त्याच्या खिशातून पैसे जात नाहीत, म्हणून. गरजेपुरती रॅम झाली की वरची नुसती पडून राहते, फोटो त्यामुळे लवकर उघडत नाही, हे मात्र त्याच्या गावीही नसते.

२४ मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो, लाइटरूमपुरते काम आणि मोजके लेअर असतील तर १६ जीबी चालते. ४५ मेगापिक्सेल, लेअर आणि अल्बम असेल तर ३२ घ्यावी. मोठे पॅनोरमा, शंभर मेगापिक्सेलचा कॅमेरा किंवा पन्नास-पन्नास लेअरांची कामे रोजची असतील तरच ६४कडे जावे. एवढे सांगायला कोणाच्या बापाचे काय जाते? खोक्यावर चार ओळींत मावेल. रॅम झाळलेली आहे की स्लॉटमध्ये, एक पट्टी आहे की दोन, जास्तीत जास्त किती बसते, हेही छापता येईल. पण खोके उलटसुलट करून पाहिले तरी यातले एक अक्षर सापडत नाही. ठळक छापलेले काय असते, तर कीबोर्डाचे दिवे १ कोटी ६८ लाख रंगांत लागतात.