सीएच आहे, फक्त परीक्षा राहिलीय

सीए शोधायला २९ जुलैच्या आधी बाहेर पडू नका, लोक हसतील. नोकरदारांची रिटर्नची मुदत ३१ ला संपते, म्हणजे हातात चांगले दोन दिवस असतात. शिवाय मुदत वाढतेच. २०२५ साली नाही का, ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली आणि वर आणखी एक दिवस मिळाला? नाहीच वाढली, तर उशिराचे ५००० रुपये भरून टाकायचे, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १०००. फीमध्ये घासाघीस करून जे ३०० वाचवले, ते त्यात धरा.

शोध सोसायटीच्या ग्रुपवर घ्यावा. ‘अर्जंट. चांगला आणि स्वस्त सीए सुचवा’ एवढंच लिहायचं. दहा मिनिटांत चार नंबर येतील, त्यातला एक प्लंबरचा असेल. सीएंच्या संस्थेच्या साइटवर नाव किंवा सभासद क्रमांक टाकून माणूस खरोखर सीए आहे का हे घरबसल्या पाहता येतं. पण असं कुणाला तपासणं बरं दिसतं का? त्यापेक्षा मेहुण्याचा मित्र बरा. तो बी.कॉम. आहे, एका सीएकडे सात वर्षं कामाला होता, आता संध्याकाळी घरी ‘फाइली बघतो’. मेहुणा सांगतो, सीएच आहे, फक्त परीक्षा राहिलीय.

रिटर्न भरायला सीएच लागतो असं नाही, हे खरंच. सरळ पगार असेल तर फॉर्म १६ आणि एआयएस (आयकर खात्याकडचा तुमच्या व्यवहारांचा वार्षिक गोषवारा) शेजारी ठेवून रविवारच्या सकाळी तुमचं तुम्हीही भरू शकता. पण मग ‘माझा सीए म्हणाला’ हे वाक्य कुठे वापरणार?

आता फी. कामाचे ठरावीक पैसे सांगणारा माणूस कोरडा समजावा. ‘रिफंड येईल त्याच्या दहा टक्के द्या’ म्हणतो, तो आपला. १९४९ च्या कायद्याने सनदी लेखापालाला अशी टक्केवारी घ्यायला मनाई आहे, पण आपला माणूस कुठे सनदी आहे? त्याला तुमच्या आयुष्यात अशा गोष्टी सापडतील, ज्या तुम्हालाही माहीत नव्हत्या. तुम्ही तीर्थरूपांना दरमहा घरभाडं देता. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन लागतो, म्हणून तुम्ही दरमहा बरोब्बर ८३०० देता. तुम्ही एका राजकीय पक्षाला देणगीही दिलीय. पक्षाचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही, पण निष्ठा ती निष्ठा. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने असल्याच खोट्या वजावटींपायी देशभरात १५० ठिकाणी झडत्या घेतल्या. तुम्ही घाबरू नका, ते दुसऱ्यांचे सल्लागार होते. चुकीची माहिती देऊन वाचवलेल्या करावर २०० टक्के दंड बसतो तोही दुसऱ्यांना.

धंदा असेल तर मात्र मजा आणखी आहे. आधी कागद जमवा. जमवा म्हणजे लग्नाच्या बस्त्याची जी मोठी पिशवी घरात पडलेली असते, तिच्यात वर्षभराची बिलं, पेट्रोलच्या पावत्या, वापरलेली चेकबुकं आणि लाइटबिल एकत्र कोंबा. पेट्रोलच्या पावत्यांवरची शाई उडालेली असेल तर उत्तमच, मनाला येईल तो आकडा सांगता येतो. बँकेचं स्टेटमेंट देऊ नका. ते मागतो तो सीए संशयी स्वभावाचा असतो.

नफा किती दाखवायचा, हा प्रश्न मेहुण्याचा मित्र तुम्हाला विचारेल. हेच तर त्याचं मोठेपण. रिटर्नमध्ये नफा इतका बारीक दाखवा की वाचणाऱ्याने तुमच्या पोरांच्या जेवणाची चौकशी करावी. उलाढालीच्या ८ टक्के, पैसे बँकेतून किंवा यूपीआयने आले असतील तर ६ टक्के नफा धरून हिशेबाच्या वह्यांशिवाय सुटण्याची सोय छोट्या धंद्याला आहे. पण उलाढालच अर्धी सांगितली की ते ६ टक्केही ३ होतात. क्यूआर कोडवर आलेले पैसे बँकेत दिसतात, ही बँकेची चूक. मग सहा महिन्यांनी दुकान वाढवायला कर्ज हवं असतं आणि बँक तीन वर्षांची रिटर्न मागते. त्या दिवशी सीएकडे जाऊन टेबलावर हात आपटायचा: ‘एवढा कमी नफा दाखवलाच कसा तुम्ही?’ त्याने नवा, गुटगुटीत ताळेबंद करून द्यावा अशी अपेक्षा ठेवा. खरा सीए सहीबरोबर १८ अंका-अक्षरांचा यूडीआयएन हा ओळख क्रमांक देतो आणि बँकेतली मुलगी तो नंबर टाकून कागद खरा की खोटा ते तिथल्या तिथे पाहते. म्हणून सही मेहुण्याच्या मित्राचीच बरी. नंबरच नाही, तर तपासणार काय?

पोर्टलचा पासवर्ड त्यालाच ठरवू द्या. मोबाइल आणि ईमेलही त्याचाच टाकू द्या, ओटीपीची कटकट कोण करणार? आयकर खात्याचं पत्र आलं तर ते थेट त्याच्याकडे जाईल आणि तुम्हाला शांत झोप लागेल. काहींना अशी दोन-दोन वर्षं शांत झोप लागलेली आहे.

मग एके दिवशी बँक सांगते, खातं गोठवलंय. मेहुण्याच्या मित्राचा फोन लागत नाही. मेहुणा म्हणतो, तो तसा माझा मित्र नव्हता, ओळख होती. आता पिशवी उचला आणि गल्लीच्या टोकाच्या त्या बाईंकडे जा, ज्यांना तीन वर्षांपूर्वी तुम्ही महाग म्हणून सोडलं होतं. त्या सीए आहेत, परीक्षेसकट. बसा, चहाला नाही म्हणू नका, आणि सुरुवातीलाच विचारा, ‘मॅडम, काही कमी करा ना.’

त्या चष्मा वर सरकवून स्क्रीनकडे बघतील आणि विचारतील, ‘पोर्टलवरचा हा मोबाइल नंबर कुणाचा?’

अशा वेळी पंख्याकडे बघावं.