वलांडीचा वास

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एकच विषय चाललाय. किनाऱ्यावरच्या वलांडी, म्हणजे बोंबील वाळवायचे मांडव, हलवा, पर्यटक नाक दाबतात, होमस्टेचं रेटिंग पडतं. आणि लिहिणारे कोण, तर ज्यांच्या कॉलेजच्या फिया त्याच सुक्या बोंबलांनी भरल्या ते! सातपाटी-केळव्याच्या पट्ट्यात हे ऐकायची वेळ यावी?

ईस्टरला आम्ही ऑस्लोहून वर, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवर गेलो होतो. हेनिंग्सव्हेअरला गाडीचं दार उघडलं आणि वास आला. आपलाच. लाकडी मांडवांवर कॉडच्या रांगाच रांगा, खाली कॅमेरे घेऊन जर्मन पर्यटक. नाक कोणी दाबलं नाही. (दाबलंही असेल, मी बघितलं नाही.)

धक्क्यावर एक म्हातारा मासेवाला भेटला. त्याला मोबाइलवर आमच्या वलांडीचा फोटो दाखवला, तर बोटांनी मोठा करून बघतच बसला. आपण बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोडी दोरीवर टाकतो, ते दोन कॉड शेपट्यांना बांधून. मीठ दोन्हीकडे नाही. ‘किती दिवस लागतात?’ त्याने विचारलं. ऊन असेल तर तीन-चार, म्हटलं. हसायलाच लागला. त्यांचे फेब्रुवारीत चढवलेले मासे मेपर्यंत उतरत नाहीत. मुंडकीही वाळवतात, ती नायजेरियाला जातात. जिभा कापायचं काम शाळकरी पोरांचं, आणि त्याचे पैसेही पोरांचेच. वासाचं विचारलं तर म्हणाला, ‘पैशाचा वास आहे.’

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, जरा चढ्या आवाजातच. चुलतभावाचं उत्तर आलं: ‘दादा, तिकडच्या थंडीत माशा नसतात. मे महिन्यात इथे राहून दाखव.’ खाली सात अंगठे. माशांचं त्याचं बरोबर आहे, तरी रात्रभर धुसफुसत होतो.

पुढचं ग्रुपवर लिहिलं नाही. चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या दोघांना गावी नेणार होतो, तेव्हा काकीला मीच फोन केला होता, चार दिवस वलांडी रिकामी ठेवशील का. ‘मग बोंबलांना पण सांग, चार दिवस जाळ्यात येऊ नका,’ म्हणाली. पाहुण्यांना डहाणूच्या हॉटेलात उतरवलं.

तिने दिलेले बोंबील आत्ताही बाल्कनीत आहेत, तीन पिशव्यांत गुंडाळलेले. खालच्या मजल्यावरचे शुक्रवारी ह्युत्तेला, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या घरी, गेले की भाजतो.