64 माणसांचा हिशेब

व्हॉट्सॅपवर एक ढकलपत्र फिरते आहे: टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मुंबईच्या तिप्पट जागेत फक्त 64 माणसे उरली आहेत, तेल आटले म्हणून बाकीची पळाली, काउंटी कंगाल झाली, आणि आता राहायला येईल त्याला अमेरिकन सरकार जमीन फुकट देते.

आकडा खरा आहे. 2020 च्या जनगणनेत 64 च भरले. क्षेत्रफळही सुमारे 1,750 चौरस किलोमीटर, म्हणजे तिप्पट ठीकच. पुढचे सगळे मनाचे.

‘उरली’ म्हणायला आधी असायला तर हवीत! 1890 च्या जनगणनेत इथे तीन माणसे होती. पाऊस तुटपुंजा, पेकोस नदीचे पाणी खारट; पिण्याचे पाणी वर्षानुवर्षे बाहेरून आणावे लागे. तरी डेन्व्हरच्या एका कालवा कंपनीच्या पुढाकाराने 1893 मध्ये इथे काउंटीचा कारभार सुरू झाला, आणि त्यासाठीच्या निवडणुकीत 83 मते दाखवली गेली. तीन वर्षांत तिघांचे 83 मतदार. बोगस मतदार ही काही आपलीच मक्तेदारी नाही. 1897 मध्ये विधिमंडळाने हा खेळ मोडला आणि काउंटी शेजारच्या रीव्ह्ज काउंटीला जोडली. ती पुन्हा उभी राहिली 1931 मध्ये, तेल सापडल्यावर. त्या भरभराटीतही, 1933 च्या सुमारास, वस्ती सहाशेच्या आसपास, म्हणजे मुंबईतल्या एखाद्या मोठ्या चाळीएवढी. अलीकडचे आकडे पाहा: 2000 मध्ये 67, 2010 मध्ये 82, 2020 मध्ये 64. दोन-चार कुटुंबे आली-गेली तरी एवढा फरक पडतो. याला पळापळ म्हणत नाहीत.

तेल आटल्याची गोष्ट तर साफ उलटी. ही काउंटी पर्मियन खोऱ्यात, म्हणजे तेलाने समृद्ध पट्ट्यात आहे आणि फ्रॅकिंग (दाबाने पाणी सोडून खडक फोडायचा आणि तेल काढायचे) आल्यापासून इथे तेलाचे उत्पादन प्रचंड वाढले. ट्रकची रीघ असते, कामगार छावण्यांमध्ये राहतात. पण जनगणना माणूस मुख्यतः राहतो कुठे ते विचारते, त्यामुळे पाळी संपल्यावर दूरच्या घरी परतणारे हे लोक त्या 64 मध्ये येत नाहीत. टेक्सासमध्ये जमिनीखालच्या तेलावरही मालमत्ता कर बसतो. इथली करपात्र मालमत्ता अब्जावधी डॉलरची आहे. शाळा मात्र नाही, मुले विंकलर काउंटीतल्या विंक गावी जातात. कंगालपणाचा पुरावा म्हणून हे सांगायचे असेल तर सांगा बापडे.

राहिली फुकट जमीन. टेक्सास 1845 मध्ये संघराज्यात सामील झाले तेव्हा त्याने आपली सरकारी जमीन स्वतःकडेच ठेवली. त्यामुळे वसाहतकऱ्यांना जमीन देणारा 1862 चा होमस्टेड कायदा तिथे कधी लागूच झाला नाही, आणि अलास्का वगळता तो कायदाही 1976 मध्ये रद्द झाला. जमीन हवी तर मालकाकडून विकतच घ्यावी लागते. त्यातही खालच्या तेलाचे हक्क बहुतेक वेळा आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर असतात.