एमिशन म्हणजे दर वेळी कार्बन नसते, काकाजी

रविवारी सकाळी मोठ्या आईकडे गेलो तर मागच्या अंगणात बंब पेटलेला आणि ती त्यात दुधाची रिकामी पाकिटं एकेक करून टाकून राहिली होती. काळा धूर, घशात बसणारा वास, खाली राखेत वितळलेलं प्लास्टिक टपटप गळून राहिलं, आणि हिला दमा. काहून म्हणून विचारलं तर म्हणे, ग्रुपवर आलं ना, घरीच जाळलं की कार्बन कमी होते. टाकणारे अर्थातच आमचे काकाजी.

मेसेज असा: फूड पॅकेजिंगच्या कार्बनमध्ये भारत जगात पहिला, अमेरिका नव्वदावी, कारण तिकडे सगळं कागदी आणि इकडे दुधाची पाकिटं, तर प्लास्टिक बाहेर फेकू नका, घरीच जाळा.

पहिला आणि नव्वदावा हे नंबर खोटे नाहीत बरं का, पण ते कार्बनचे नाहीतच. सप्टेंबर 2024 मध्ये ब्रिटनच्या लीड्स युनिव्हर्सिटीच्या लोकांचा पेपर ‘नेचर’ या विज्ञानाच्या मासिकात आला, त्यात ‘प्लास्टिक एमिशन’ (एमिशन म्हणजे उत्सर्जन) असा शब्द आहे, म्हणजे 2020 साली किती टन प्लास्टिक उघड्यावर पडलं किंवा उघड्यावर जळलं. कोणीतरी एमिशन वाचलं आणि पुढे कार्बन चिकटवून दिला. फूड पॅकेजिंगपुरताही तो हिशोब नाही, सगळाच प्लास्टिक कचरा आहे. भारताचे 93 लाख टन. अमेरिकेत कचरा उचलून गाडून टाकतात म्हणून तिचा नंबर खाली गेला, पण ते प्लास्टिक बनवताना जो कार्बन हवेत गेला तो थोडीच गाडला जाते?

आणि आता ऐका, त्या 93 लाखांतले जवळपास 58 लाख टन म्हणजे जाळलेलं प्लास्टिक. ज्याच्यामुळे पहिला नंबर आला तेच औषध म्हणून वाटून राहिले! एक किलो पॉलिथिन, म्हणजे दुधाच्या पाकिटाचं प्लास्टिक, पूर्ण जळलं तर तीन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड, शाळेतल्या केमिस्ट्रीने निघते हे, आणि बंबात ते पूर्ण जळतही नाही, म्हणून ती काजळी, जी दोरीवरच्या चादरींवर बसली होती आणि मोठ्या आईच्या छातीत किती गेली कोण जाणे. आमच्या लेआउटच्या मोकळ्या प्लॉटवर संध्याकाळी हेच चालते, फक्त तिथे कोणी त्याला पर्यावरण म्हणत नाही.

बाकीचे मुद्दे पटकन. अमेरिका कागदी वगैरे काही नाही. त्यांच्याच पर्यावरण खात्याचा 2018 चा आकडा आहे, पॅकेजिंगचा कचरा 8 कोटी 22 लाख अमेरिकन टन (तिकडचा टन साधारण 907 किलोचा), म्हणजे माणशी सव्वादोनशे किलो (खाण्याचं आणि बाकीचं, खोके धरून). प्लास्टिकचा वापर 2014-15 च्या हिशोबात त्यांचा माणशी 109 किलो, आपला 11. आणि कागद गाडला की कुजून मिथेन सोडते. दुधाचं पाकीट? अर्ध्या लिटरचं रिकामं पाकीट तीन-चार ग्रॅम भरते, आतलं दूध तयार होताना जो कार्बन हवेत जाते तो त्याच्या कितीतरी पट. जगभरात अन्नामुळे होणाऱ्या उत्सर्जनात पॅकेजिंगचा वाटा पाचेक टक्केच आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने. किलोमागे पाहिलं तर आपलं पॅकेजिंग जास्त घाण असू शकते, कारण वीज कोळशाची. कोराडीच्या वीज केंद्राची धुरांडी इकडून दिसतात ना, तेच. आपल्या एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत त्याच्या निम्म्याच्या आसपास. सावजीची भाजी पार्सल येते तो फॉइलचा डबा घ्या, एक किलो ॲल्युमिनियम काढायला 14 युनिटच्या जवळपास वीज लागते. पण हा मुद्दा काकाजींच्या मेसेजमध्ये नव्हताच, मीच काढून दिला.

मोठी आई आता पाकिटं धुऊन दोरीला चिमटे लावून वाळवते. कबाडीवाला ती वजनावर घेते म्हणाला. चिप्सची चकचकीत रॅपरं मात्र त्याने वेगळी काढून तिच्याच हातात परत दिली.