बॉक्स, गार्ड आणि खारा वारा

ॲडव्हेंचर बाइकच्या सामानाच्या कॅटलॉगमध्ये समुद्र कुठेच नसतो. सगळ्या फोटोंत बर्फ, खडक, मागे निळा डोंगर आणि गाडी अशी कोरडी ठणठणीत की बघून हेवा वाटावा. ते सामान आपण मागवतो आणि बसवतो कुठे, तर रत्नागिरीच्या पट्ट्यात. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, उरलेलं वर्षभर हवेत मीठ, आणि घरापर्यंतचा शेवटचा टप्पा म्हणजे दोन गडग्यांमधून गेलेली पाणंद. गडगा म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, तीही जांभ्याची. त्याची आणि ॲल्युमिनियमच्या बॉक्सची गाठ पडली की ओरखडा कुणाला येतो हे सांगायला नको.

मी बोलतोय ते रॉयल एनफिल्डच्या जुन्या 411 सीसी हिमालयनबद्दल. 2016 साली ती आली, 2023 मध्ये 450 आली आणि ही जुन्यांत जमा झाली. साडेचोवीस बीएचपी, 32 न्यूटन मीटर टॉर्क, पुढे 21 इंची चाक, मागे 17, पोटाखाली 220 मिलिमीटर मोकळी जागा. वजन दोनशे किलोच्या अलीकडे-पलीकडे. अशी गाडी सेकंडहँड घेतलेला माणूस पहिल्या रविवारी ती धुतो, दुसऱ्या रविवारी तिच्याकडे एकटक बघत बसतो आणि तिसऱ्या रविवारी त्याला ती उघडीबोडकी वाटायला लागते. खर्च इथून सुरू.

खरं तर पहिला पैसा जायला हवा तो ग्रीसवर. पण ग्रीसचा फोटो कुणी काढत नाही, त्यामुळे तो कायम पुढच्या महिन्यावर जातो. जुन्या गाडीचं आधी मधल्या स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळू फिरवावं. बरोबर सरळ रेषेत आल्यावर 'टक्' करून थबकलं, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. खड्ड्यांचे ठोके खाऊन वाटीत गोळ्यांचे खळगे पडतात आणि हँडल त्या खळग्यात जाऊन बसतं. बदलायचाच तर गोळ्यांऐवजी निमुळत्या रोलरांचा, म्हणजे टेपर रोलरचा घालावा. फक्त नट आवळताना जोर दाखवू नये. हँडल मध्याच्या थोडं बाजूला नेऊन सोडलं की स्वतःच्या वजनाने टोकापर्यंत पडलं पाहिजे. जास्त आवळलं तर गाडी सरळ रस्त्यावर डुलत चालते, आणि मागच्या गाडीवाल्याचा आपल्याबद्दल भलताच समज होतो.

मग मागचं स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, आणि मोनोशॉकखालची (मागच्या एकुलत्या शॉक ॲब्सॉर्बरखालची) सांधेजोड, म्हणजे लिंकेज. हे सगळं चाकाच्या चिखलाच्या थेट माऱ्यात. पिना काढून, पुसून, बंदराजवळच्या बोटींच्या सामानाच्या दुकानातून पाण्याला दाद न देणारं ग्रीस आणून भरावं. पावसाच्या आधी एकदा, पाऊस गेल्यावर एकदा. पीन निघत नसेल तर हातोडा उचलण्याआधी गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवावी. मेस्त्रीला 'घाई नाही' असं सांगितलं की तो संशयाने बघतो, पण सांगावं.

आता दागिने. पहिला मान लेगगार्डचा. घरात प्रश्न ठरलेला: "एवढे पाइप कशाला? पडणार आहेस का?" हो म्हणावं तर गाडीची चावी जाते, नाही म्हणावं तर पैसे कशाला घातले हे सांगावं लागतं. पाइप पोकळ असतो आणि बसवायच्या भोकांतून पाणी आत शिरतं, हे मात्र घरात कुणी विचारत नाही. शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. पावडर कोटिंग वरून काळंभोर चकचकीत, आतून पाइप कुरतडला जातोय, आणि कळतं तेव्हा वेल्डिंगजवळून तपकिरी ओघळ आलेला असतो. कोकणात नवी ॲक्सेसरी लावणं म्हणजे गंजाला नवं बिऱ्हाड थाटून देणं. म्हणून गार्ड बसवण्याआधीच त्याच्या सगळ्यांत खालच्या जागी, वेल्डिंगपासून लांब, 4 मिलिमीटरचं भोक पाडावं, कडांना झिंक प्रायमर लावावा, आत थोडं तेल ओतून पाइप चहूबाजूंनी फिरवावा आणि जास्तीचं निथळू द्यावं. हे काम अंगणात करू नये. फरशीवरचा डाग जात नाही आणि विषयही जात नाही.

बोल्ट स्टेनलेसचे घालायचे, इथवर सगळ्यांचं एकमत. पण स्टेनलेस म्हणजे 304 जातीचं की 316, हे विचारलं की दुकानदार "एकच आहे ते" म्हणतो. एक नाही. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. पुढची गंमत अशी की स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवला आणि मधे खारं पाणी मुरलं की झिजतं ते ॲल्युमिनियम. भोकाभोवती पांढरी पूड दिसायला लागते आणि बोल्ट जन्माचा चिकटतो. दोन्हींच्या मधे नायलॉनचा वायसर आणि आट्यांवर अँटीसीझ (आट्या चिकटू न देणारा लेप), एवढा साधा उपाय आहे. अँटीसीझ लावल्यावर आट्या सहज फिरतात, त्यामुळे नेहमीच्या जोराने आवळलं तर ॲल्युमिनियमच्या आट्याच उपटून येतात. एम 6 च्या, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीच्या बोल्टला 8 ते 10 न्यूटन मीटर खूप झाले. टॉर्क रेंच नसेल तर लहान पाना घ्यावा. लांब पान्याने माणसाला नको तेवढी ताकद येते.

बॉक्स हा मोठाच विषय. छत्तीस लिटरचे दोन, शिवाय मागे टॉप बॉक्स, खाली लोखंडी फ्रेम. गार्ड, फ्रेम आणि रिकामे बॉक्स मिळून वीस-पंचवीस किलो सहज चढतात, म्हणजे सामान भरण्याआधीच मागे एक शाळकरी पोर बसलंय. बॉक्स लावलेली गाडी मीटरभर रुंद होते. पाणंद रुंद होत नाही. सायलेन्सर उजवीकडे असल्याने बहुतेक फ्रेमांवर उजवा बॉक्स जास्त बाहेर येतो, आणि आपला अंदाज मात्र हँडलच्या टोकाचा असतो. जंगलजेट्टीवर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवर, हा अंदाज चारचौघांत तपासला जातो. दाभोळ-धोपावे असो की जयगड-तवसाळ, बोटीवरचा माणूस दोन मोटारींमधल्या फटीकडे बोट दाखवून "घाल, घाल" म्हणतो. त्याच्या लेखी सगळ्या दुचाक्या स्कूटरच.

बॉक्सचा खरा शत्रू नातेवाईक. गाडीला पेट्या आहेत ही बातमी वाडीत पसरली की आपण टेंपो झालो. "जातोच आहेस तर" या तीन शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्याला नाही म्हणायची सोय नाही. मग डावीकडे सोललेले नारळ, उजवीकडे तांदूळ, मागे हापूसची पेटी आडवी बांधलेली. तरीही भरायची रीत आहे. जड सामान तळाला आणि पुढच्या अंगाला, दोन्ही बाजूंच्या वजनात फरक किलो-दोन किलोच्या आत. स्वयंपाकघरातला ताणकाटा यासाठी उत्तम, फक्त परत जागेवर ठेवावा. मागच्या आसाच्याही मागे वजन लटकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. फणस कुठल्याही बॉक्समध्ये मावत नाही, हे मावशीला आधीच सांगावं. आणि सुकट! बॉक्सच्या झाकणाचं रबर पाणी आत येऊ देत नाही तसा वासही बाहेर जाऊ देत नाही. सुकटीची पिशवी कितीही घट्ट बांधा, त्या बॉक्समध्ये पुढे ठेवलेला प्रत्येक शर्ट हर्णैहून आल्यासारखा वाटतो. ते रबर अधूनमधून पुसून सिलिकॉन ग्रीस चोळावं, नाहीतर एप्रिलमध्ये झाकणाला चिकटतं आणि जूनमध्ये फाटलेलं सापडतं.

वजन वाढलं की मागचा शॉक आवळायचा असतो, हे बहुतेकांना माहीत असतं आणि बहुतेकजण करत नाहीत. सोपं आहे. मधल्या स्टँडवर मागचं चाक हवेत असताना आसापासून सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत टेपने माप घ्या. मग गाडी खाली घेऊन, सामानासकट स्वतः बसून, दुसऱ्याकडून तेच माप घ्या. मागच्या चाकाची उठबस 180 मिलिमीटर. फरक साधारण 50 ते 60 आला पाहिजे. नव्वद आला तर गाडी मागे बसलीय, शॉकवरची रिंग आवळा. रिंग मात्र लाल चिखलाने अशी बसलेली असते की आधी ब्रशने आट्या साफ करून तेल सोडल्याशिवाय सी पाना नुसता घसरतो आणि बोटं सोलून निघतात. हे न करता निघालं तर हेडलाइट आभाळाकडे बघतो. समोरून येणारी एस्टी अप्पर-डिप्पर मारते ती आपल्या गाडीचं कौतुक म्हणून नव्हे.

दिव्यांचं तर विचारू नका. आंबा घाटात धुकं उतरलं की जादा दिवे हवेत हे मान्य. पण धुक्यात पांढराशुभ्र झोत म्हणजे समोर स्वतःच उभी केलेली भिंत. दिवे खाली, लेगगार्डवर, रुंद झोताचे आणि पिवळे असावेत. वायरिंग रिलेवरूनच, म्हणजे छोट्या इशाऱ्याने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या डबीवरूनच. रिलेच्या 30 नंबरच्या टोकावर बॅटरीतून फ्यूज लावून आलेली वायर, 87 वरून दिव्यांना, 85 अर्थ, आणि 86 ला पार्किंग लाइटच्या वायरमधून स्विचमार्गे इशारा, म्हणजे चावी काढली की दिवे आपोआप बंद. वीस-वीस वॉटचे दोन दिवे 12 व्होल्टवर साडेतीन ॲम्पियरच्या आत खातात. फ्यूज 5 चा, वायर 1 चौरस मिलिमीटरची. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. पुढे दिव्याजवळ बसवलेला फ्यूज दिवा वाचवतो, आणि मधली वायर कुठे घासली तर पेटायला मोकळी. जोडावर नुसती काळी टेप गुंडाळली, तर मे महिन्यात तिचा गोंद वितळून हाताला येतो आणि जुलैत आतलं तांबं हिरवं होतं. आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीटश्रिंक नळी घालावी, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरावं. वायर सोलून दुसरीला पीळ मारणाऱ्या इलेक्ट्रिशियनला चहा पाजून प्रेमाने घरी पाठवावं.

यूएसबी चार्जर थेट बॅटरीला जोडणं ही चाकरमान्यांची खास खोड. गाडी गावाला ठेवायची, गणपतीत चालवायची, मग थेट शिमग्याला. चार्जरवरचा तो गोंडस निळा दिवा मधल्या काळात पेटताच असतो. समजा तो आतल्या सर्किटसकट 20 मिलीॲम्पियर खातो, म्हणजे दिवसाला अर्ध्या ॲम्पियर-तासाला थोडं कमी. बॅटरी 8 ॲम्पियर-तासाची. विसर्जनाला गाडी सुरू होती, पितृपंधरवडा संपेपर्यंत बॅटरी संपली. शिमग्याला पालखी दारात आणि गाडी उतारावरून ढकलणारे चौघे दारामागे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवायला एक पाना आणि दोन मिनिटं लागतात. गरम होणाऱ्या ग्रिप मात्र इथे कशासाठी घेतात, हे मला अजून कुणी समजावू शकलेलं नाही.

एक काम मात्र स्वस्तात होतं आणि कुठल्याही बॉक्सपेक्षा जास्त उपयोगी पडतं: साइड स्टँडचा पाय मोठा करणं. पावसात भिजलेल्या मातीत स्टँड सावकाश रुततो आणि गाडी रात्री केव्हातरी तुळशीवृंदावनाशेजारी आडवी होते. 3 मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पट्टी स्टँडच्या पायाला वेल्ड करून घ्यायची. त्याहून जाड नको, गाडी जास्त सरळ उभी राहते आणि उतारावर पलीकडे कलंडते. वेल्डिंग गाडीवर करू देऊ नये. स्टँड सोडवून न्यावा. "कशाला सोडवता, दोन टाके तर मारायचेत," असं वेल्डर म्हणतोच, पण इंजेक्शनवाल्या गाडीत ते दोन टाके ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, महागात पडू शकतात.

टायरबद्दल थोडक्यात. गाठी-गाठींचे टायर फोटोत छान, ओल्या डांबरावर मात्र टेकतं ते रबर कमी. आणि शेवाळ धरलेल्या जांभ्यावर कुठलाही टायर चालत नाही, तिथे उतरून ढकलणं हीच शैली. स्पोकची चाकं म्हणजे ट्यूब आली. 21 इंची ट्यूब रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळेल या भरवशावर राहू नये, सोबत ठेवावी. अडचणीला तीच दुमडून मागच्या 17 मध्ये कोंबता येते, गावापर्यंत पोचवते. वॉल्व्हवरचा नट रिमवर आवळून ठेवू नये, वर टोपीखाली सैल सोडावा. टायर रिमवर सरकला की वॉल्व्ह तिरका होतो आणि आपल्याला आधी कळतं. नट आवळलेला असेल तर वॉल्व्ह मुळातूनच फाटतो.

हे सगळं बसवताना निघालेले मूळचे इंडिकेटर, आरसे, बोल्ट एका डब्यात नावं लिहून माळ्यावर ठेवावेत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीच्या कागदाशी न जुळणारे बदल खपवून घेत नाही. आणि तिथून सुटलात तरी गाडी विकायची वेळ कधीतरी येतेच. घेणारा येतो, गाडीभोवती एक फेरी मारतो, बॉक्स टिचकी मारून बघतो, दिवे लावून बघतो, खाली वाकून इंजिनाखालची बॅशप्लेटही बघतो. आपण 316 चे बोल्ट दाखवतो. तो मान डोलावतो. मग गाडीवर बसून, हँडल हलवून, अगदी आपुलकीने विचारतो, "हे सगळं काढलंत तर केवढ्याला द्याल?"